बॉनेटवर हात ठेवून

“ही मूळची एका इंग्रज साहेबाची,” बाबा पेट्रोल पंपावरच्या माणसाला सांगत होते. “मेळघाटात शिकारीला जायचा तो. बंदुका ठेवायला आत खास फळ्या होत्या.”

पंपावरचा माणूस नळी टाकीत तशीच धरून मान डोलावत होता. मी मागच्या खिडकीतून ऐकत होते आणि माझं डोकं चक्रावलं होतं. आदल्याच दिवशी अकोल्यात शेजारच्या तायडेकाकांना बाबांनी सांगितलं होतं की हीच गाडी गावोगाव कुटुंबनियोजनाचे सिनेमे दाखवत फिरायची. आणि मी चौथीत असताना माझ्या वर्गाच्या बाईंना सांगितलेली गोष्ट निराळीच होती. तिच्यात टपालाच्या थैल्या होत्या आणि पुरात अडकलेला एक पोस्टमास्तर होता.

बाबा आत येऊन बसल्यावर मी विचारलं, “बाबा, खरं काय आहे?”

“कशाचं?”

“पिवळीचं. आपण घ्यायच्या आधी ही कोणाची होती?”

“तू पुस्तक उघड,” बाबा म्हणाले. “बारावी तोंडावर आली आहे.”

पुढच्या सीटवर बसलेल्या इंदूआत्यानं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. “पोरी, बापाले रस्त्यात छळू नोको. घाट हाय पुढं.”

घाट यायला अजून दोन गावं जायची होती. पण आत्याला अकोल्याची वेस ओलांडली की घाटच दिसायचा.

पिवळी म्हणजे आमची गाडी. विलायती बनावटीची, लांबट, पाठीवर किंचित उंचवटा असलेली जुनी व्हॅन. बाबा तंत्रनिकेतनात वर्कशॉप शिकवायचे. मी लहान असताना त्यांनी ती अमरावतीकडून कुठूनतरी आणली, तिला हळदीसारखा पिवळाधमक रंग दिला आणि आतून तिचं घर केलं. दोन बाकं, जी उघडली की पलंग व्हायची. भिंतीला बिजागरीवर लटकवलेलं जेवणाचं टेबल. एका बर्नरची शेगडी, पाण्याची टाकी, आईच्या जुन्या फुलाफुलांच्या पातळाचे पडदे. सुट्ट्या लागल्या की आम्ही तिच्यातून निघायचो. लोणार, माहूर, ओंकारेश्वर, जिथे रस्ता नेईल तिथे. रस्त्याकडेला थांबायचं, पिठलं टाकायचं आणि झाडाखाली झोपायचं.

माझ्यासाठी या सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच होती. आमच्या घरात बाबा बोलायचेच नाहीत. जेवायला या म्हटलं की जेवायला यायचे, मीठ कमी असलं तरी गपचूप जेवायचे. आईही त्यांच्याइतकीच. पाहुण्यांना वाटायचं, या दोघांचं भांडण झालेलं आहे. पण पिवळीत बसलं की बाबांना वाचा फुटायची आणि आई हसायची. मला ती दोघं हवी असायची तशी फक्त त्या गाडीतच मिळायची.

आणि तीच गाडी जाणार होती. त्या वर्षी तिचं पासिंग संपत होतं. पासिंगच्या साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं की इतकी जुनी गाडी रस्त्यावर ठेवायची तर जुन्या गाड्यांच्या मंडळानं तिला आपल्यात घेतलं पाहिजे, नाहीतर तिचं भंगार करा. भंगारवाला एकदा येऊन पिवळीला बोटांनी ठोकून ठोकून बघूनही गेला होता. गिऱ्हाइकानं टरबूज वाजवून बघावं तसं. त्या दिवशी मी त्याला चहा दिला नाही.

मंडळाचा मेळावा जानेवारीत चिखलदऱ्याला भरायचा. मंडळाचे प्रमुख राजंदेकर नावाचे एक सडसडीत गृहस्थ होते, आणि त्यांचा एक विचित्र नियम होता. गाडी किती चकचकीत आहे, इंजिन मूळचं आहे की नाही, हे ते नंतर बघायचे. आधी मालकानं बॉनेटवर हात ठेवून, घरच्या माणसांसमोर, गाडीची खरी गोष्ट सांगायची. ती कुठून आली, तिनं काय काम केलं. त्यात खोटं निघालं तर ती गाडी कायमची बाद. मागच्या वर्षी एकानं आपली मोटार एका संस्थानिकाची म्हणून सांगितली आणि त्याच्याच सासऱ्यानं उठून, ही तर मी सरकी पेंडीच्या व्यापाऱ्याकडून घेऊन दिली, असं सगळ्यांसमोर सांगितलं होतं.

बाबांनी महिनाभर पिवळीखाली झोपून काम केलं. नटबोल्ट रॉकेलनं धुतले, पत्र्याला पॉलिश केलं. पिवळीला वाचवायचं म्हणून त्यांनी रक्ताचं पाणी केलं असं म्हटलं तरी चालेल. म्हणूनच त्या दिवशी ते जे काही करत होते, ते माझ्या डोक्यावरून जात होतं.

अंजनगाव जवळ आलं तसा बाबांनी वेग कमी केला.

“मंदा,” ते आरशात बघत म्हणाले, “तू वसंताकडे थांबते का? येताना घेऊन जातो तुला. बरेच दिवस माहेरी गेली नाही तू.”

आई नेहमीच्या जागी बसली होती. डाव्या बाकाच्या शेवटच्या टोकाला, मागच्या दाराला लागून. ती जागा सगळ्यात वाईट. तिथे धक्के बसायचे, धूर यायचा. आई घरात कशावरच हक्क सांगायची नाही, पोळी करपली तर करपलेली स्वतः घ्यायची, पण ती जागा तिनं कधी कोणाला दिली नाही. आत्यानं एकदा मागितली होती, तेव्हाही नाही. तिथे बसून ती उजवा हात बाकाच्या खाली सोडून द्यायची. मला वाटायचं, धक्क्यांना घाबरून काहीतरी धरते.

“वसंता नागपूरला गेला आहे,” आई म्हणाली.

“वहिनी असेल ना.”

“अहो, सगळ्यांसमोर गोष्ट सांगायची आहे ना तुम्हाला? घरची माणसं लागतात म्हणून तुम्हीच सांगितलं. मी चिखलदऱ्याला येऊन राहिली.”

गावातून जाताना बाबांनी पिवळी अशी काही दामटली की टेबलावरची स्टीलची वाटी उडून आत्याच्या पाठीत लागली. आणि तेवढ्यात मी ते पाहिलं. रस्त्याच्या कडेला एक म्हातारा काठी टेकून उभा होता. पिवळीकडे त्याची नजर गेली तशी त्यानं डोक्यावरची टोपी काढली, काठी काखेत धरली आणि आमच्या गाडीला हात जोडले.

“पाय बाप्पा,” आत्या खूश होऊन म्हणाली, “काय मान हाय पद्माकरच्या गाडीचा. लोक हात जोडतेत.”

बाबांच्या कानशिलावरून घाम ओघळला. जानेवारीत. मी आईकडे पाहिलं. ती काचेतून मागे, त्या म्हाताऱ्याकडे बघत होती आणि तिनंही हळूच हात जोडले होते. मला वाटलं, माहेरचं ओळखीचं माणूस असेल.

परतवाड्याला आम्ही चहाला थांबलो. बाबा म्हणाले, इंजिनातून आवाज येतो आहे, घाट चढायचा नाही, इथूनच परत फिरू.

“आवाज तर नाही येऊन राहिला,” आई म्हणाली.

“तुला नाही कळायचा तो.”

“मला येत नाही, उजूला येत नाही. इंदूताई, तुम्हाला येतो का?”

“मले माह्या कानाचाच आवाज येते,” आत्या म्हणाली. “पण रबडी खाल्ल्याबिगर मी परत नाही जाणार. सांगून ठेवतो.”

चहावाला ओठांवर मिशी असलेला तरणा माणूस होता. त्यानं पिवळीच्या भोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, “हे गाडी कोन्ती व्हय भाऊ?”

बाबांचा चेहरा उजळला. त्यांना कोणी पिवळीबद्दल विचारलं की तो असाच उजळायचा. “डोळ्यांच्या शिबिराची,” ते म्हणाले. “एक परदेशी डॉक्टरीणबाई होत्या. गाडीतच ऑपरेशन करायच्या. एका म्हातारीला तीस वर्षांनी दिसायला लागलं, तर ती पहिल्यांदा काय म्हणाली माहीत आहे? म्हणाली, माझा नवरा एवढा काळा आहे हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.”

चहावाला पोट धरून हसला. आई पदर तोंडाला लावून हसली. मीही हसले असते, पण त्या दिवसातली ही दुसरी गोष्ट होती आणि संध्याकाळपर्यंत बाबांना खरी सांगायची होती. खरी म्हणजे यातली कोणती, ते मला कळेना. चहा संपवून निघताना आई पिवळीत चढली. चढताना तिनं दाराच्या उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला. हे ती दर वेळी करायची. दुकानदार सकाळी दुकानाच्या पायरीला करतात तसं. इतकी वर्षं मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, पण त्या दिवशी प्रत्येक गोष्टीत काहीतरी दडलेलं आहे असा मला संशय येऊ लागला होता.

घाटात एका वळणावर गाडीला पाणी पाजायला थांबलो. आत्या आणि आई झाडीकडे गेल्या. मी बाबांच्या हातातला डबा घेतला आणि विचारलंच.

“बाबा, तुम्हाला पिवळी नको झाली आहे का?”

“असं काऊन विचारते?”

“मग परत का फिरत होता? आईला का उतरवत होता?”

बाबांनी रेडिएटरचं झाकण फडक्यानं धरून फिरवलं. वाफ निघाली. वाफ जाईपर्यंत ते थांबले.

“उजू,” ते म्हणाले, “मी खरं सांगितलं तर गाडी राहील. पण मग तिच्यात कोणी बसणार नाही.”

“कोणी म्हणजे?”

“तुझी आई बसणार नाही. अन् ती नसेल तर मला ही गाडी कायले पाहिजे?”

एवढं बोलून त्यांनी डबा परत घेतला. मी तिथेच उभी राहिले. मला कोडं आणखी गुंतल्यासारखं वाटलं. आईला चालणार नाही असं या गाडीत काय असेल? चोरीची असेल का? बाबांनी आयुष्यात कधी बसचं तिकीट चुकवलं नव्हतं. हिच्यात कोणाचा खून झाला असेल का? मी उरलेला घाट पिवळीच्या भिंतींकडे बघत काढला. पडद्यांवरची फुलंही मला ओळखू येईनात. आई मात्र तिच्या जागी, उजवा हात खाली सोडून, डोळे मिटून बसली होती. तिच्या तोंडावर काळजीचा मागमूस नव्हता.

चिखलदऱ्याला पोचलो तेव्हा धुकं नुकतं वर सरकत होतं. मैदानात पंचवीसेक गाड्या रांगेनं उभ्या होत्या. कोणी सतरंजी अंथरून चिवडा खात होतं, कोणी बायकोला बोलावून हेडलाइट पुसायला लावत होतं. पिवळीसारखी, आत घर असलेली दुसरी गाडी नव्हती. बायका येऊन आमची शेगडी बघून गेल्या, पलंग उघडून बघून गेल्या. आत्या दारात उभी राहून सगळ्यांना माहिती देत होती, जणू काही तिनंच ती बनवली होती. “येच्यातच मी मागच्या साली पापड वाळवले. सोमवारची पूजा बी येच्यातच केली. अगदी देवघर समजा.”

बाबा हे ऐकत होते आणि त्यांचा चेहरा आंबट होत चालला होता.

मग गोष्टी सुरू झाल्या. राजंदेकर एका गाडीपाशी जायचे, लोक भोवती गोळा व्हायचे, मालक बॉनेटवर हात ठेवायचा. एका डॉक्टरांनी सांगितलं की या मोटारीत त्यांचा स्वतःचा जन्म झाला, दवाखान्याच्या फाटकापर्यंतही पोचता आलं नव्हतं. यवतमाळच्या एका बाईंनी सांगितलं की जीपचा नंबर त्यांना नवऱ्याच्या वाढदिवसापेक्षा पक्का पाठ आहे. लोक हसत होते, टाळ्या वाजवत होते. मग ती सगळी माणसं आमच्यापाशी आली.

“खोडके सर,” राजंदेकर म्हणाले, “सांगा. फार ऐकलं आहे तुमच्या गाडीबद्दल.”

बाबांनी बॉनेटवर हात ठेवला. आई त्यांच्यासमोर, माणसांच्या पहिल्या रांगेत उभी होती. तिच्या एका बाजूला आत्या, दुसऱ्या बाजूला मी.

“ही गाडी,” बाबांनी सुरुवात केली, “डोळ्यांच्या...”

ते थांबले. त्यांनी बॉनेटकडे पाहिलं, मग आईकडे. “एका पोस्टमास्तरांनी...” ते म्हणाले आणि पुन्हा थांबले. मागे कोणीतरी कुजबुजलं. राजंदेकरांच्या कपाळाला आठी पडली. वर्गात फळ्यापुढे ताठ उभे राहणारे माझे बाबा त्या पिवळ्या पत्र्यावरची नसलेली धूळ बोटानं पुसत होते, आणि मला त्यांची इतकी कीव आली की वाटलं, पुढे होऊन आपणच काहीतरी ठोकून द्यावं. सर्कस म्हणावं, कारखाना म्हणावं, काहीही म्हणावं.

“मला नाही सांगता येत,” बाबा म्हणाले. त्यांनी हात काढून घेतला. “राहू द्या साहेब. आमची नका घेऊ.”

लोक एकमेकांकडे बघू लागले. राजंदेकर काही म्हणणार तेवढ्यात आई पुढे झाली.

“घरच्या बाईनं सांगितलं तर चालते का?” तिनं विचारलं.

“चालेल ना,” राजंदेकर म्हणाले. “पण खरं पाहिजे.”

“खरंच आहे.”

तिनं पदर नीट केला आणि बॉनेटवर हात ठेवला. चार माणसांत ती बोलायला उभी राहिलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

“ही शववाहिनी होती,” आई म्हणाली.

आत्याच्या तोंडून कसलातरी बारीक आवाज निघाला. बाबांनी डोळे मिटले.

“अमरावतीला एका ट्रस्टची होती. तेव्हा पांढरी होती, बाजूनं काळा पट्टा. मी सातवीत होती. माझी आई मोठ्या दवाखान्यात वारली. तिला अंजनगावला घरी न्यायचं होतं. वडील रडून रडून थकले होते, त्यांना ड्रायव्हरनं पुढे बसवलं. मागे तिच्याजवळ कोणीतरी पाहिजे होतं. वसंता लहान, घरीच होता. दुसरं कोणी नव्हतं, मी बसली.”

सतरंजीवर चिवडा खात बसलेली माणसंही उठून पुढे आली.

“रस्ता खराब होता. स्ट्रेचर बांधायचा एक पट्टा तुटलेला होता. गाडी उसळली की आई हलायची. ती पडेल असं मला वाटून राहिलं होतं. म्हणून मी डाव्या हातानं तिला धरलं आणि उजव्या हातानं भिंतीची कडी. गाव येईपर्यंत सोडली नाही. गावात पोचल्यावर लोकांनी सोडवली, तेव्हा बोटं उघडत नव्हती.”

तिनं पत्र्यावरचा हात जरा पुढे सरकवला.

“माझ्या आईचं माहेर अन् सासर एकाच गावात. ती कधी कुठे गेलीच नाही. मोटारीत बसून लांब जायची तिला लई हौस होती, नेहमी म्हणायची. तिच्यासोबत मी एवढाच एक प्रवास केला. ह्यांनी ही गाडी घरी आणली तेव्हा पिवळा रंग ओला होता. म्हणाले, टपालखात्याची आहे. मी आत चढली तर बाकाखाली ती कडी दिसली. एका बाजूनं वाकडी आहे ती, तेव्हाही होती. मी हात लावून पाहिला. मग म्हटलं, बरं.”

“बाई,” राजंदेकरांनी अगदी हळू विचारलं, “तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, तरी तुम्ही हिच्यात बसलात?”

“बसली. स्वैपाक केला. पोरीला झोपवलं.”

“भीती नाही वाटली?”

“कोणाची?” आई म्हणाली. “माझ्या आईची?”

राजंदेकरांनी मान खाली घातली. मग त्यांनी पुढे होऊन स्वतःचा हात आईच्या हाताशेजारी बॉनेटवर ठेवला. मंडळात गाडी घेतली की ते तसं करायचे. कोणी टाळी वाजवली नाही. एकदोघांनी पायातल्या चपला काढल्या, एवढंच मला आठवतं.

गर्दी पुढच्या गाडीकडे सरकली आणि मग आत्याला कंठ फुटला. “पद्म्या, मेल्या,” ती म्हणाली, “येच्यात मी सोमवार केले रे. पापड खाऊ घातले साऱ्या गल्लीले. मले आत्ताच्या आत्ता डोक्यावरून पाणी पाहिजे.” मैदानाच्या टोकाला एक नळ होता. त्या थंडीत ती लुगड्यानिशी नळाखाली बसली. कुडकुडत परत आली तेव्हा तिचे कोरडे कपडे कुठे आहेत हे तिला आठवलं. ते पिवळीत होते. ती दाराशी बराच वेळ उभी राहिली. मग आत चढली आणि पडदा ओढून घेतला.

बाबा मागच्या पायरीवर बसले होते. आई त्यांच्याजवळ जाऊन बसली. मी पडद्याची दोरी बांधते आहे असं दाखवत तिथेच घुटमळले.

“मला तुझ्या आईचं माहीत नव्हतं,” बाबा म्हणाले. “देवाशपथ. शववाहिनी आहे एवढंच माहीत होतं. कोणी बोली लावेना, म्हणून मिळाली. म्हटलं, तुला कळलं तर तू पाय ठेवणार नाही.”

“हो.”

“एवढी वर्षं मी गोष्टी सांगून राहिलो, अन् तू हसत होती.”

“चांगल्या सांगता तुम्ही. घरी कुठे बोलता? गाडीचं कोणी विचारलं की बोलता. मग मी खरं सांगून ते बंद काऊन करू?”

बाबांनी पायरीवरचा वाळलेला चिखल बोटानं खरवडला.

“ती कडी मी कापायला गेलो होतो एकदा. बाकीच्या निघाल्या, ती निघेना. करवतीचं पातं तुटलं.”

“मी स्वैपाकघरातून ऐकत होती. तुटलं तेव्हा बरं वाटलं मला.”

बाबांनी तिचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि उलटा करून पाहिला, जसं पहिल्यांदाच पाहतात. मी दोरी सोडून तिथून निघाले. मला रडू येत होतं आणि ते कोणासाठी, ते कळत नव्हतं.

परत निघताना आत्या रबडीचा डबा मांडीवर घेऊन मागच्या उजव्या बाकावर आडवी झाली. पुढे बसली की चक्कर येते असं ती म्हणाली, पण आयुष्यभर तिला मागे बसल्यावर चक्कर येत असे. त्यामुळे बाबांच्या शेजारची जागा रिकामी झाली. आईनं उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला, मग दार लावून घेतलं आणि चालत पुढे जाऊन तिथे बसली. मी तिच्या टोकाच्या जागी बसले. घाटाच्या पहिल्या वळणावर गाडी कलली आणि माझा हात आपोआप बाकाखाली गेला. रेक्झिनच्या पट्टीमागे कडी होती. आतल्या बाजूनं घासून घासून ती गुळगुळीत झाली होती, आणि त्या थंडीतही मला ती गार लागली नाही.

परतवाड्याला पुन्हा तोच चहावाला. त्याच्या टपरीवर आता चारपाच जण बसले होते. त्यातल्या एकानं पिवळीकडे हनुवटी उडवून विचारलं, “कोन्ती गाडी व्हय हो हे?”

बाबांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं. मला वाटलं, झालं, आता हे पुन्हा कधी बोलणार नाहीत. पिवळी राहील आणि बाबा जातील.

चहावाला सांगायला पुढे सरसावला. “अबे, डोळ्याच्या शिबिराची हाय ते. मी सकायीच ऐकलं ना.”

“नाही हो,” पुढच्या सीटवरून आई म्हणाली. “ते दुसरं सांगितलं असेल ह्यांनी. ही सर्कशीची. सिंहाची पिल्लं न्यायची हिच्यातून.”

बाबा वळून तिच्याकडे बघत राहिले. टपरीवर सगळे ती पुढे काय म्हणते म्हणून ताटकळलेले. आई समोर काचेतून बघत होती, पण तिच्या गालाला खळी पडली होती.

“तीन पिल्लं होती,” बाबा शेवटी म्हणाले. “एक आजारी होतं. रस्त्यात फार हलायचं. मग एक लहान मुलगी त्याच्याजवळ बसली. तिनं त्याला घर येईपर्यंत धरून ठेवलं.”

“मंग?” चहावाल्यानं विचारलं.

“मग काही नाही,” बाबा म्हणाले. “पडू नाही दिलं तिनं.”